खाडीच्या पाण्याचे तीन वर्षांचे आकडे हातात आहेत : कोणती सांख्यिकी पद्धत लावावी?

खाडीकाठ
नमस्कार. चिपळूण-खेडच्या बाजूच्या एका खाडीचे ३६ महिन्यांचे आकडे आमच्या ग्रामस्थ समितीकडे जमले आहेत. वरच्या अंगाला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, खालच्या अंगाला मच्छीमारांच्या वाड्या. ठिकाणं ८. दर महिन्याच्या ५ तारखेला सकाळी १० च्या सुमारास होडीतून नमुने, प्रत्येक ठिकाणी ३ बाटल्या. तपासलेल्या गोष्टी सात : सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन), बीओडी (तीच जिवाणूंनी कुजवायला लागणारा), अमोनिया, तांबं, क्रोमियम, आर्सेनिक, पारा.

पाऱ्याच्या ३६ नोंदींपैकी (मधल्या ठिकाणच्या) २२ ठिकाणी आकडाच नाही, ‘बीडीएल’ (शोधमर्यादेच्या खाली) लिहिलंय. पहिले १८ महिने प्रयोगशाळेची शोधमर्यादा (याहून कमी असेल तर उपकरणाला दिसत नाही) १ मायक्रोग्रॅम प्रति लिटर होती, नंतर दुसऱ्या प्रयोगशाळेची ०.२. बीडीएलच्या जागी मर्यादेचा अर्धा आकडा घालून सरासरी काढली, तर पारा निम्म्याहून कमी झालेला दिसतो.

टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) करावी, एनोव्हा (अनेक गटांची) करावा की सरळ रेषा बसवावी? आणि पारा खरंच घटलाय का? समितीला ग्रामसभेत सांगायचं आहे, चुकीचं काही सांगायचं नाही.

मध्यक
आधी पारा. कृपा करून ‘घटला’ असं सांगू नका.

अर्धा आकडा घालण्याची पद्धत मोडते ती इथेच. पहिल्या काळात प्रत्येक बीडीएल म्हणजे ०.५, दुसऱ्या काळात प्रत्येक बीडीएल म्हणजे ०.१. पाण्यात काहीही बदललं नसलं तरी तक्त्यात पाचपट घट तयार होते. ही घट उपकरणाची आहे, खाडीची नाही.

एक साधी परीक्षा करा. दोन्ही काळांना एकच, मोठी मर्यादा लावा : १ च्या खालचं सगळं ‘१ पेक्षा कमी’ असंच धरा, नव्या प्रयोगशाळेने ०.४ किंवा ०.७ असा नेमका आकडा दिला असला तरी. मग पहिल्या १८ पैकी किती नोंदी १ च्या वर आहेत आणि दुसऱ्या १८ पैकी किती, ते मोजा आणि इथे लिहा.

खाडीकाठ
मोजलं. पहिल्या १८ मध्ये ३. दुसऱ्या १८ मध्ये नेमका आकडा असलेल्या ११ नोंदी आहेत, त्यातल्या १ च्या वर ३.

मध्यक
म्हणजे ३ आणि ३. घट झाल्याचा काहीही पुरावा नाही. ‘वाढ झालेली नाही’ असाही पुरावा नाही. १८ पैकी ३ या आकड्यावरून एवढंच निघतं की ते प्रमाण खूप अनिश्चित आहे.

एकत्रित ३६ पैकी ३० नोंदी आता मर्यादेखाली गेल्या, म्हणजे ८० टक्क्यांच्या वर. एवढ्या नोंदी दडलेल्या असताना सरासरी काढायचीच नाही, कुठल्याही पद्धतीने. ‘३६ पैकी ६ वेळा १ मायक्रोग्रॅमच्या वर’ एवढंच लिहायचं. सरासरी हवीच असेल तर फक्त दुसऱ्या १८ महिन्यांची काढा. तिथे ७ दडलेल्या आणि ११ दिसणाऱ्या नोंदी आहेत, ते चालतं.

पाणीपारखी
थोडा वेगळा सूर लावतो. अर्धी मर्यादा घालणं इतकं पाप नाही. दडलेल्या नोंदी १०-१५ टक्के असतील आणि मर्यादा एकच असेल, तर सरासरी फारशी हलत नाही. गावपातळीवरच्या समितीला एक्सेलमध्ये जमेल तेच सांगा. नाहीतर लोक कामच सोडून देतील.

मध्यक
@पाणीपारखी, १० टक्के आणि एकच मर्यादा, इतपत असेल तर सरासरीचं फार बिघडत नाही हे मान्य. पण प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत त्याचं माप) तरीही चुकतं, कारण सगळे दडलेले आकडे एकाच बिंदूवर गोळा होतात. विचलन चुकलं की टी-टेस्ट चुकली. इथे तर ६१ टक्के नोंदी दडलेल्या आहेत आणि मर्यादा दोन.

एक्सेलमध्ये जमणारं हवं असेल तर मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) आणि शतमक (क्रमात अमुक टक्क्यावरचा आकडा) वापरा. निम्म्याहून जास्त नोंदी दिसत असतील तर मध्यकाला दडलेल्या नोंदींचा नेमका आकडा लागतच नाही, त्या खालच्या बाजूला आहेत एवढं पुरतं.

सरासरी हवी असेल तर क्रमांकावर रेषा बसवण्याची पद्धत, तिला आरओएस म्हणतात. दिसणारे आकडे चढत्या क्रमाने लावा, त्यांचा लॉग घ्या. प्रत्येकाला त्याच्या क्रमावरून संभाव्यता द्या. दडलेल्या नोंदींची संख्या त्या क्रमात धरायची, वगळायची नाही. संभाव्यतेवरून प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाचा झेड (सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर) काढा आणि लॉग विरुद्ध झेड अशी रेषा बसवा. दडलेल्या ७ जागांचे आकडे त्या रेषेवरून वाचा, पुन्हा मूळ एककात आणा, ११ खरे आणि ७ वाचलेले मिळून सरासरी काढा. हे ७ आकडे कुठल्याही तारखेला चिकटवायचे नाहीत. ‘मार्चमध्ये ०.१३ होता’ असं म्हणता येत नाही. ते फक्त बेरजेपुरते.

‘आर’ ही प्रणाली फुकट आहे, तिच्यात ‘नाडा’ आणि ‘एन्व्हस्टॅट्स’ या पॅकेजांत हे तयार मिळतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं प्रोयूसीएलही फुकट आहे आणि ते खिडक्या उघडून चालवता येतं, कोड लिहावा लागत नाही.

रसायनवाला
प्रयोगशाळेला एक पत्र लिहा : अहवालातली मर्यादा शोधमर्यादा आहे की मापनमर्यादा (जिच्यावरचाच आकडा भरवशाचा)? पहिली साधारण ३.३ सिग्मा (कोऱ्या नमुन्याच्या आकड्यांचं विचलन) भागिले उतार (प्रमाण वाढलं की उपकरणाचा संकेत किती चढतो), दुसरी १० सिग्मा भागिले उतार. म्हणजे दोहोंत तिपटीचा फरक. एका प्रयोगशाळेने पहिली छापली आणि दुसरीने दुसरी, तर तुमची १ आणि ०.२ ही तुलनाच पुन्हा तपासावी लागेल.

आणि पाऱ्याच्या बाटल्या कसल्या होत्या? साध्या प्लास्टिकमध्ये, आम्ल न घालता ठेवलेला पारा भिंतीला चिकटतो, थोडा उडूनही जातो. काचेची किंवा टेफ्लॉनची बाटली आणि सामू (पीएच) २ च्या खाली येईपर्यंत शुद्ध नायट्रिक आम्ल. हे झालं नसेल तर ‘बीडीएल’ मधले काही बीडीएल बाटलीचे आहेत. कोणतीही सांख्यिकी ते परत आणू शकत नाही.

खाडीकाठ
आम्ल घातलं होतं, पण पहिल्या वर्षी बाटल्या प्लास्टिकच्या. नोंद करून ठेवतो. आर्सेनिकबद्दल विचारायचं राहिलं : तोंडाकडच्या ठिकाणांवर आर्सेनिक जास्त येतं आणि कारखान्यांच्या बाजूला कमी. हे उलटं कसं?

रसायनवाला
खाऱ्या पाण्याचं आर्सेनिक आयसीपी-एमएसवर (अणूंच्या वस्तुमानावरून धातू मोजणाऱ्या उपकरणावर) मोजलं असणार. उपकरणात आरगॉन वायू असतो, समुद्राच्या पाण्यात क्लोराइड. आरगॉन ४० आणि क्लोरीन ३५ जोडले की वस्तुमान ७५, आणि आर्सेनिकचंही ७५. उपकरणाला दोघं सारखेच दिसतात. टक्कर-कक्ष (असे जोड अडवणारा भाग) वापरला नसेल तर जितकं मीठ तितकं खोटं आर्सेनिक. आर्सेनिक विरुद्ध क्षारता (खारेपणा) असा आलेख काढा. सरळ रेषा चढत गेली तर आधी पद्धतीवर संशय घ्या, मग खाडीवर. हायड्राइड पद्धतीने (आर्सेनिक वायूरूपात वेगळं काढून) ५-६ नमुने पुन्हा करून घ्या.

सीओडीचीही हीच गत. त्या चाचणीतलं रसायन, डायक्रोमेट, क्लोराइडलाही खातो : १ मिलिग्रॅम क्लोराइड म्हणजे ०.२२६ मिलिग्रॅम सीओडी. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला सुमारे १९,००० मिलिग्रॅम, म्हणजे सगळं खाल्लं गेलं तर ४,२९० मिलिग्रॅम खोटं सीओडी. मर्क्युरिक सल्फेट घालून ते अडवतात, पण नेहमीची पद्धत क्लोराइड २,००० च्या वर गेलं की विश्वासाची राहत नाही. फक्त २ टक्के क्लोराइड निसटलं तरी ८६ मिलिग्रॅम. भरतीच्या वेळी ‘प्रदूषण वाढतं’ असं तुमच्या तक्त्यात दिसत असेल तर कारण हे असू शकतं. खालच्या चार ठिकाणांसाठी सीओडी सोडा, सेंद्रिय कार्बन थेट मोजून घ्या.

उधाण
वरची सगळी चर्चा वाचली. मला सगळ्यात मोठा धोका नमुन्याच्या वेळेत दिसतो. दर महिन्याची ५ तारीख, सकाळचे १०. ऐकायला शिस्तीचं वाटतं, पण खाडीला तारीख कळत नाही.

उधाण ते उधाण १४.७७ दिवस. तुमचा महिना सरासरी ३०.४४ दिवसांचा. भागाकार २.०६. म्हणजे दर महिन्याला तुम्ही उधाण-भांगाच्या (मोठ्या-लहान भरतीच्या) चक्रात ६ टक्के पुढे सरकता आणि साधारण १६ महिन्यांनी पुन्हा तिथेच येता. परिणाम असा की आकड्यांत १६ महिन्यांची एक लाट दिसते जी पाण्यात नाहीच. ती नमुन्याच्या तारखेने तयार केलेली आहे. तीन वर्षांत तिच्या दोन फेऱ्या होतात. कुणी त्यातलेच ८ महिने उचलले तर ‘सतत वाढ’ किंवा ‘सतत घट’ हवी ती दाखवता येईल.

पंधरवड्याला नमुना घेतल्यानेही सुटका नाही. १४ दिवसांच्या अंतराने घेतला तर खोटी लाट २७० दिवसांची.

उपाय कोकणात कुणाला शिकवावा लागत नाही. तारीख सोडा, तिथी धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ : चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. हे किनाऱ्यावरचं ढोबळ गणित. खाडीत आत जाल तसा उशीर वाढत जातो, म्हणून प्रत्येक ठिकाणी खुणेची काठी रोवून तो उशीर एकदा प्रत्यक्ष मोजा.

रापण
ह्या अगदी बरोबर. तिथीचा गणित रापणकारांका पाठ आसता. अष्टमीच्या आसपास भांग, अमावास्या-पौर्णिमेक उधाण. तिथी धरली तर नमुने काढणाऱ्यांकाय सोपा जाईत, होडी कधी निघतली आणि खंय टेकतली ह्या आधीच ठरता.

पाणीपारखी
@उधाण, एक आक्षेप. नेहमी एकाच तिथीला आणि भरतीच्या एकाच टप्प्यावर घेतलं तर कल शोधायला उत्तम, पण सरासरी चुकेल. ओहोटीच्या शेवटी पाणी सगळ्यात घाण असतं आणि भरतीला समुद्राने धुतलेलं. कालवं, तिसऱ्या (शिंपल्यातले जीव) तर दोन्ही पाण्यात राहतात. त्यांच्या अंगी किती जातं हे ठरवायला दोन्ही टप्पे लागतील.

उधाण
मान्य, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. म्हणून टप्पे पाडून घ्या : उधाणाची ओहोटी संपताना, उधाणाची भरती पूर्ण होताना, आणि तशीच भांगाची दोन. चार गट. कलासाठी प्रत्येक गट स्वतःशीच ताडायचा. सरासरीसाठी चारही गट त्यांच्या कालावधीच्या वजनाने एकत्र करायचे. चारही परवडत नसतील तर उधाणाची ओहोटी कधीही सोडू नका.

तिथी धरल्यावर एक बारीक अडचण येते. चांद्रमास २९.५ दिवसांचा असल्यामुळे कधी एकाच इंग्रजी महिन्यात दोन नमुने पडतात. महिन्यांऐवजी ऋतू धरले की प्रश्न मिटतो : जून ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते जानेवारी, फेब्रुवारी ते मे.

अवजल
भरती खालून येते, पण वरून येणाऱ्या पाण्याचं काय? कोकणातल्या तीन नद्यांचं उन्हाळ्यातलं पाणी पावसाचं नसतं. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांचं अवजल (वीज काढून सोडलेलं पाणी) मिळतं, कुंडलिकेला भिऱ्याचं, पाताळगंगेला खोपोलीचं. तिन्ही नद्यांच्या खोऱ्यांत औद्योगिक वसाहती आहेत. वीजनिर्मितीच्या तासांवर नदीचा प्रवाह ठरतो, आणि प्रवाहावर तुमचा मिलिग्रॅम प्रति लिटर.

समजा सेकंदाला २० ग्रॅम अमोनिया नदीत येतो आहे, अजिबात न बदलता. प्रवाह १० क्युमेक (सेकंदाला घनमीटर) असेल तर २ मिलिग्रॅम प्रति लिटर. वीजघर सुरू झालं, प्रवाह ४० क्युमेक झाला, की अर्धा मिलिग्रॅम. प्रदूषण तेवढंच, दिवसाला १,७२८ किलो, पण तक्त्यात चौपट सुधारणा. म्हणून नदीच्या बाजूच्या ठिकाणांवर प्रवाह मोजल्याशिवाय संहतीचा (लिटरमागच्या प्रमाणाचा) कल काढू नका. लॉग संहती विरुद्ध लॉग प्रवाह अशी घसरती रेषा बसवा आणि कलाची चाचणी उरलेल्या फरकांवर करा. किंवा थेट भार काढा : मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले क्युमेक गुणिले ८६.४ म्हणजे किलो प्रतिदिन.

खाडीकाठ
प्रवाहाची नोंद आमच्याकडे नाही, पण होडीतून प्रत्येक वेळी क्षारता मोजलेली आहे. ८ ठिकाणी, ३६ वेळा. तिचा उपयोग होईल का?

अवजल
तुमच्या तक्त्यातला तोच सगळ्यात मोलाचा रकाना आहे.

आडव्या अक्षावर क्षारता, उभ्यावर अमोनिया. एका टोकाला नदीचं पाणी, दुसऱ्या टोकाला समुद्राचं, दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडा. फक्त मिसळणं होत असेल तर सगळे बिंदू रेषेच्या जवळ पडतात. मध्येच कुठे भर पडत असेल तर त्या क्षारतेचे बिंदू रेषेच्या वर उचलले जातात. भरती-ओहोटीचा गोंधळ यात बराचसा आपोआप सुटतो, कारण तुम्ही जागेऐवजी पाण्याची ओळख धरली. वरचं ठिकाण विरुद्ध खालचं ठिकाण अशी टी-टेस्ट खाडीत करू नये ती याचसाठी. भरतीला खालचं पाणी वर चढतं, तेव्हा ‘वरचं’ आणि ‘खालचं’ यांना अर्थच उरत नाही.

सावधान : विरघळलेलं लोह गोड पाणी खाऱ्याला भेटतं तिथेच गोळा होऊन तळाशी जातं आणि बरोबर इतर धातू नेतं. त्यामुळे धातूंचे बिंदू सुरुवातीला रेषेच्या खाली जातात. ते प्रदूषण घटल्याचं लक्षण समजू नये. आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेलं आणि न गाळलेलं पाणी एकाच आलेखावर टाकू नका. पावसाळ्यात न गाळलेल्या पाण्यातला धातू बहुतांशी गाळाचाच असतो.

मध्यक
आता कल. सरळ रेषेच्या नेहमीच्या समाश्रयणाला (रेषा बसवण्याला) एका बाजूला लांब शेपूट असलेले आकडे, ऋतू आणि दडलेल्या नोंदी यांतलं काहीच सोसत नाही. ऋतुनिहाय केंडॉल चाचणी घ्या : जून जूनशीच ताडायचा, मे मेशीच. नंतरचा आकडा मोठा असेल तर अधिक १, लहान असेल तर उणे १, सारखा किंवा ठरवता न येणारा असेल तर ०. ‘१ पेक्षा कमी’ आणि ०.४ यांची तुलना ठरवता येत नाही, म्हणून ०. बघा, दडलेल्या नोंदींसाठी काही बनवावं लागत नाही.

३ वर्षं आणि १२ महिने असतील तर एकूण ३६ जोड्या. सारखे आकडे नसतील तर बेरजेचं प्रमाण विचलन ६.६३. बेरीज १४ असेल तर पी-मूल्य (कल नसताना योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) नेमकं ०.०५ च्या काठावर, १६ पासून पुढे निश्चिंतपणे ‘कल आहे’ म्हणता येतं. म्हणजे ३६ पैकी २६ जोड्या चढत्या हव्यात. तीन वर्षांत एवढं स्पष्ट क्वचितच दिसतं. कल दिसला नाही तर ‘खाडी स्थिर आहे’ असं लिहू नका, ‘३ वर्षांत ठरवता आलं नाही’ असं लिहा.

वेग किती हे सेन यांच्या उताराने सांगा. प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत : सगळ्या जोड्यांचे उतार काढा आणि त्यांचा मध्यक घ्या. एखादा भलता आकडा आला तरी ती डळमळत नाही.

रसायनवाला
भलता आकडा काढून टाकू नका, हे मी ठळक अक्षरांत लिहीन. ग्रब्ज चाचणी लावून ‘आउटलायर’ वगळण्याची फार सवय असते. ती चाचणी आकडे प्रसामान्य आहेत असं धरते. प्रदूषणाचे आकडे तसे नसतात, उजवीकडे लांब शेपूट असते. मासे मेले त्या दिवशीचा अमोनिया हा त्या तक्त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. लेखनदोष, एककाची चूक, दूषित कोरी (शुद्ध पाण्याची) बाटली, यातलं काही कागदावर सापडलं तरच वगळा आणि का वगळलं ते लिहा.

गाळ
पाण्यापेक्षा तळाचा गाळ तपासा, तो महिनोन्‌महिने लक्षात ठेवतो. पाण्याचा नमुना क्षणाचा असतो. आठवड्यातून एकदा ६ तास काही सोडलं जात असेल तर ते आठवड्याच्या ३.६ टक्के वेळ झालं. यादृच्छिक वेळी घेतलेल्या ३६ नमुन्यांत ते एकदाही न सापडण्याची शक्यता २७ टक्के. आणि रात्रीच सोडलं जात असेल तर सकाळी १० च्या नमुन्यांत ते कधीच थेट सापडणार नाही, ३६ घ्या की ३६०.

पण गाळात आपल्याकडे एक मोठा सापळा आहे. ‘समृद्धी गुणांक’ (नैसर्गिक प्रमाणाच्या किती पट) काढताना बहुतेक जण जगाच्या सरासरी शेल खडकाशी तुलना करतात : तांबं ४५, क्रोमियम ९०, निकेल ६८ मिलिग्रॅम प्रति किलो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये तांबं मुळातच त्याच्या दुप्पट-तिप्पट असतं. म्हणजे एकही कारखाना नसलेल्या खाडीत गुणांक २-३ येईल आणि अहवालात ‘मध्यम प्रदूषित’ छापलं जाईल. कणकवलीच्या बाजूला तर क्रोमाइटचे साठेच आहेत, तिथल्या क्रोमियमचा दोष कुणाच्या माथी मारणार? लोहाने भागण्याची पद्धतही जांभ्याच्या मुलखात चालत नाही, कारण जांभा म्हणजेच साठलेलं लोह.

काय करावं : ६३ मायक्रॉनखालचा गाळ चाळून घ्या. ॲल्युमिनियम किंवा लिथियमही सोबत मोजा. कारखाना नसलेल्या पण त्याच खडकाच्या शेजारच्या खाडीतून, किंवा नळी ठोकून काढलेल्या खोल थरांतून, २०-२५ नमुने. त्यांच्यावर लॉग तांबं विरुद्ध लॉग ॲल्युमिनियम अशी रेषा बसवा आणि ९५ टक्के भाकीत-पट्टा (ज्यात नवे निर्दोष नमुने पडावेत) काढा. तुमच्या खाडीतला जो बिंदू पट्ट्याच्या वर, तोच वाढीव. पट्टा भाकिताचा हवा, सरासरीच्या विश्वासाचा नको. दुसरा फार अरुंद असतो आणि निम्मे निर्दोष बिंदू त्याच्या बाहेर पडतात.

सुपारीबाग
विषय थोडा बाजूला नेतो, पण तांब्यावरून विचारावंसं वाटतं. सुपारीच्या बागांत कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात. त्याचं तांबं खाडीत येतं का हे बागेच्या मातीवरून एका वर्षात कळेल?

गाळ
हिशेब करून पाहा. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद, त्यात तांबं पाव भाग, २५० ग्रॅम. हेक्टरी १,००० लिटर धरलं तर एका फवारणीला अडीच किलो तांबं. सगळं जमिनीवर आलं आणि वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये राहिलं, तर माती सुमारे १,९५० टन, म्हणजे किलोला १.३ मिलिग्रॅम वाढ. वर्षाला दोन फवारण्या, अडीच मिलिग्रॅम.

आता बागेतल्या जागोजागच्या मातीत तांब्याचं प्रमाण विचलन २० धरू. दोन गटांतला फरक ८० टक्के खात्रीने सापडायला प्रत्येक गटात नमुने लागतात १६ गुणिले (विचलन भागिले फरक) वर्ग. २० भागिले २.५ म्हणजे ८, वर्ग ६४, गुणिले १६ : प्रत्येकी १,०२४ नमुने. एका वर्षात नाही कळणार. पाच वर्षांनी फरक साडेबारा, तेव्हा प्रत्येकी ४१ पुरतात. त्याच खुंटीजवळ दरवर्षी नमुना घेऊन जोडीने ताडलंत तर आणखी खूप कमी. पैसे खर्च करण्याआधी हे एक गणित प्रत्येकाने करावं.

सुपारीबाग
+१. हे माहीत नव्हतं. आभार.

प्रक्रियाकेंद्र
सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या बाजूने दोन गोष्टी. पहिली : सीओडी २५० ही मर्यादा सोडलेल्या पाण्याची, केंद्राच्या मुखाशी मोजायची. खाडीतल्या पाण्याला ती लावून ‘मर्यादेत आहे’ म्हणणं चुकीचं, तिथे पाणी आधीच पातळ झालेलं असतं. खाडीसाठी किनारी पाण्याचे वर्ग आहेत. उदाहरणार्थ एसडब्ल्यू-२ ला बीओडी ३ आणि विद्राव्य ऑक्सिजन ४ मिलिग्रॅम प्रति लिटर.

दुसरी : सतत मोजणाऱ्या यंत्रांचे १५ मिनिटांचे आकडे, दिवसाला ९६. त्यांना ९६ स्वतंत्र नमुने मानू नका. लागोपाठच्या आकड्यांतला सहसंबंध ०.९५ असेल तर खरी माहिती ९६ गुणिले ०.०५ भागिले १.९५, म्हणजे अडीच नमुन्यांएवढी. त्यावरून काढलेली ‘९५ टक्के खात्रीची’ सरासरी फसवी अरुंद येते.

मध्यक
हाच दोष @खाडीकाठ यांच्या ३ बाटल्यांत आहे. एकाच होडीतून, एकाच मिनिटाला भरलेल्या ३ बाटल्या म्हणजे ३ नमुने नव्हेत. ८ गुणिले ३६ गुणिले ३ म्हणजे ८६४ आकडे, पण नमुने २८८. एनोव्हाला ८६४ दिले तर तो प्रत्येक फरक ‘लक्षणीय’ म्हणेल. बाटल्यांची आधी सरासरी घ्या. पुढच्या वर्षी एकच बाटली भरा आणि वाचलेल्या पैशांत भरतीचे टप्पे वाढवा. दर दहाला एक जुळी बाटली आणि एक कोरी बाटली पुरते.

आणि ८ ठिकाणं गुणिले ७ घटक म्हणजे ५६ चाचण्या. ५ टक्क्यांच्या पातळीवर खाडी अगदी निर्मळ असती तरी सरासरी ३ चाचण्या ‘दोष’ दाखवतील. बेंजामिनी आणि होखबर्ग यांची १९९५ ची दुरुस्ती लावा : पी-मूल्यं चढती लावून प्रत्येकाला त्याच्या क्रमाप्रमाणे वेगळी पातळी.

पाणीपारखी
ग्रामसभेत लोक विचारतील, ‘मग १२ पैकी १२ नमुने मर्यादेत आले म्हणजे ठीकच ना?’ त्याचं उत्तर तयार ठेवा. १० टक्के वेळा मर्यादा ओलांडली जात असली तरी १२ पैकी १२ चांगले येण्याची शक्यता २८ टक्के. उलट बाजूने, १२ चांगल्या नमुन्यांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की उल्लंघन २२ टक्क्यांहून जास्त वेळा होत नाही. ‘९५ टक्के वेळ मर्यादेत’ असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला ओळीने ५९ नमुने चांगले यावे लागतात.

आणखी एक. तुमचे नमुने कोर्टात पुरावा म्हणून उभे राहणार नाहीत. जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ ची कार्यपद्धती पाळून अधिकृतपणे घेतलेला नमुनाच तिथे चालतो. तुमच्या आकड्यांचा उपयोग असा की अधिकृत नमुना कुठे, कोणत्या तिथीला आणि किती वाजता घ्यायला हवा हे ते सांगतात. तक्रारीत तेच लिहा.

रापण
तिसऱ्यांचा कोणी बोलला नाय. पाण्यात पारो दिसत नाय म्हणून तिसरेत नाय असा होता काय?

गाळ
नाही होत, आणि हा प्रश्न आधीच यायला हवा होता. तिसरी महिनोन्‌महिने पाणी गाळते. पाण्यात ‘बीडीएल’ असलेला धातू तिच्या मांसात मोजता येतो, म्हणजे दडलेल्या नोंदींचा प्रश्न बराचसा सुटतो. नमुना घेताना : स्वच्छ खाडीच्या पाण्यात २४ तास ठेवा म्हणजे पोटातला चिखल निघून जाईल, नाहीतर मातीचंच लोह-क्रोमियम मोजाल. एका आकाराच्या २० तिसऱ्या एकत्र करून एक नमुना, ठिकाणागणिक असे ५. धातू कोरड्या वजनावर लिहा. शिंपल्याची लांबी नोंदवा, कारण मोठ्या तिसरीत धातूचं प्रमाण वेगळं असतं. तुलना करताना लांबी सहचल म्हणून धरा (म्हणजे तिचा परिणाम वजा करा). अंडी टाकण्याच्या काळात मांसाचं वजन घसरतं आणि प्रमाण उगाच चढतं, तेव्हा वर्षानुवर्षं एकाच ऋतूत घ्या.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. समितीपुढे पुढीलप्रमाणे ठेवतो. पाऱ्याबद्दल ‘३६ पैकी ६ वेळा १ च्या वर, बदल ठरवता आला नाही’. आर्सेनिक आणि खालच्या चार ठिकाणांचा सीओडी सध्या अहवालाबाहेर, फेरतपासणीनंतर. अमोनियासाठी क्षारतेचा आलेख : कच्चा काढला, १२ ते १८ क्षारतेचे बिंदू ३६ पैकी २९ फेऱ्यांत रेषेच्या वर आहेत. पुढच्या वर्षी एक बाटली, तिथीप्रमाणे, उधाणाची ओहोटी आणि भरती. शिवाय तिसऱ्या.

एकच शंका. ३६ पैकी २९ याला चाचणी कोणती?

मध्यक
चिन्ह चाचणी. फक्त मिसळणं असतं तर फेरी वर किंवा खाली पडण्याची शक्यता सारखी, म्हणजे अपेक्षा १८, प्रमाण विचलन ३. तुम्ही २९ वर आहात. योगायोगाने हे हजारात एकदाही होणार नाही. १६ महिन्यांच्या खोट्या लाटेमुळे फेऱ्या पूर्ण स्वतंत्र नाहीत हे धरलं तरी एवढा फरक सहज पुसला जाणार नाही. मात्र रेषेचं समुद्राकडचं टोक प्रत्येक फेरीत त्याच दिवशी मोजलेलं हवं, वर्षाच्या सरासरीवरून घेतलेलं नको.

खाडीकाठ
त्याच दिवशीचंच आहे, सगळ्यात बाहेरचं आठवं ठिकाण.

उधाण
मग त्या ३६ तारखांच्या तिथी काढा आणि रेषेखाली गेलेल्या ७ फेऱ्या कोणत्या तिथींना पडल्या ते बघा. भांगाच्या निघाल्या तर भर पडण्याची जागा उधाणालाच बुडणाऱ्या काठावर शोधावी लागेल.

खाडीकाठ
पंचांग घेऊन बसतो. संध्याकाळपर्यंत इथेच लिहितो.